पोपटीच्या स्पर्धेत गर्दी थेट जाळापर्यंत येते: दोरी का टिकत नाही, आणि काय केल्यावर टिकते

अडचण अशी. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या रेतीवर, पोपटीची स्पर्धा असते; पोपटी म्हणजे जाळात मडकं ठेवून शिजवलेल्या वालाच्या शेंगा. प्रत्येक गटाला पंधरा-वीस फुटांची जागा आखून मिळते. चार कोपऱ्यांना चार बांबू, भोवती एक सुतळी. संध्याकाळी साडेपाचला सगळं नीट असतं. सहाला मडकं पेटवलं की दहा मिनिटांत सुतळीच्या आत डझनभर माणसं उभी असतात. त्यात तीन-चार पोरं, एखादी ताई ओढणी वाऱ्यावर सोडून, आणि एखादे काका हातात काठी घेऊन लाकडं सारखी करायला निघालेले. सांगितलं की सगळे मागे सरकतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच येतात. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या ज्या गटाशी बोललो, त्या प्रत्येकाने हीच तक्रार सांगितली.

आमचा गट बरेच हिवाळे या स्पर्धांत उतरतो आहे. सुरुवातीला आम्ही ओरडायचो, मग जाड दोरी आणली, मग 'आत येऊ नये' असा फलक लावला. तिन्हींचा उपयोग झाला नाही. पुढे जे उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितो, कारण हा विषय नुसत्या शिस्तीचा नाही. एकदा एका लहान मुलाचे पाय भाजले आहेत, तेही पुढे येईलच.

रायगडाबाहेरच्यांसाठी आधी पोपटीबद्दल थोडं. भात कापून झाला की शेतात उरलेल्या ओलीवर वाल घेतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी. वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डीचाच बोळा गच्च बसवायचा. पाणी अजिबात घालायचं नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, शेण्या रचायच्या आणि साधारण अर्धा ते पाऊण तास जाळ द्यायचा. झालं का ते बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र आवाज होऊन लगेच उडाले की जाळ ओढून घ्यायचा.

यातच गर्दीचं पहिलं कारण आहे. पातेल्याचं झाकण काढून आत बघता येतं, पोपटी उघडेपर्यंत काहीच दिसत नाही. समोर नुसता जाळ, भांबुर्डीचा वास आणि न दिसणारं मडकं. माणूस पुढे येणारच. तो आत येऊन काय करतो हे आम्ही एका वर्षी मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. बहुतेक जण एकच प्रश्न विचारत होते: "कधी उघडणार?" काही जण मडक्यात काय काय घातलंय ते विचारत होते. चव मागणारे त्याहून कमी. आणि थोडी माणसं धुरातून वाट काढताना चुकून आत आलेली होती. त्रास द्यायला आलेलं कोणीच नव्हतं. त्यामुळे "मागे व्हा" हे उत्तर त्यांच्यापैकी कुणाच्याच प्रश्नाचं नव्हतं, आणि म्हणूनच ते पाच मिनिटंसुद्धा टिकत नव्हतं.

आधी वारा बघा, मग दोरी बांधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. दुपारी किनाऱ्यावर खारा वारा असतो, समुद्राकडून जमिनीकडे येणारा. माणसं येतात रस्त्याकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने. सगळा धूर त्यांच्या तोंडावर जातो. मग ती डोळे चोळत बाजूने वळसा घालतात आणि समुद्राच्या बाजूने, म्हणजे तुमच्या पाठीमागून आत येतात. तुम्ही पुढची दोरी राखत उभे असता आणि माणसं मागून मडक्याशी पोचलेली असतात. आम्हाला हे कळायला दोन वर्षं लागली.

सूर्य बुडाला की वारा पडतो. काही वेळ धूर सरळ वर जातो किंवा जागीच घुटमळतो. मग रात्री मतलई वारा सुटतो आणि धूर समुद्राकडे वळतो. आता रस्त्याकडची बाजू एकदम मोकळी होते, मडकं स्वच्छ दिसतं, आणि जी गर्दी धुरामुळे लांब होती ती समोरून पुढे सरकते. स्पर्धा नेमकी याच वेळात चालते. म्हणजे एकाच संध्याकाळी गर्दीची बाजू दोनदा बदलते आणि दोरी मात्र साडेपाचला बांधली तिथेच असते.

म्हणून आम्ही जागा मिळाल्यावर आधी मूठभर सुकी रेती हातातून सोडतो आणि ती कुठे उडते ते बघतो. उजेड असेपर्यंत समुद्राकडची बाजू पक्की बंद करतो. काळोख पडायच्या आधी, वारा पडलेला असतानाच, समोरची दोरी तीन-चार फूट आणखी पुढे, रस्त्याकडे नेतो. गर्दी जमल्यावर दोरी पुढे नेणं म्हणजे माणसांना ढकलणं, ते कुणालाच आवडत नाही. आधीच नेलेली असली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

जाळापासून दोरी किती लांब ठेवायची? आम्ही बारा फूट धरतो, दहाच्या आत कधीच नाही. पेंढ्याच्या ठिणग्या उडतात, आणि माणूस हातातली काठी पुढे करून टोचू शकतो तेवढं अंतर त्यात जमेला धरायला हवं. पंधरा फुटांच्या जागेत मधोमध मडकं ठेवलं तर चारही बाजूंना जेमतेम सात फूट उरतात, हे स्पर्धा ठरवणाऱ्यांच्या लक्षात नसतं. नाव नोंदवतानाच किमान पंचवीस फूट मागा. मिळाली नाही तर शेजारच्या गटाशी बोलून दोन्ही जागांना मिळून एकच कुंपण करा. आम्ही दोनदा असं केलं, दोन्ही गटांची माणसं निम्म्या कामात सुटली.

सुतळी नको, जाळं लावा

सुक्या रेतीत खुंट धरत नाही. दोन माणसं दोरीला टेकली की बांबू आडवा होतो. गोणी रेतीने भरून, दोरीचं टोक तिच्या मध्यावर बांधून, ती दीड-दोन फूट खोल आडवी पुरली तर मात्र टोक हलत नाही. बांबू फक्त उंची द्यायला ठेवायचा, ताण पुरलेल्या गोणीवर घ्यायचा.

दोरीच्या जागी आम्ही आता कोळीवाड्यातून जुनी, फाटलेली मासेमारीची जाळी आणतो. कमरेइतकी उंच ताणतो. याचे फायदे प्रत्यक्ष लावल्यावर कळले. दोरीखालून पोरं वाकून आत येतात, जाळ्याखालून येत नाहीत. कुत्रीही येत नाहीत, आणि कच्ची कोंबडी जवळ असताना पुळणीवरची कुत्री हा वेगळा ताप असतो. शिवाय जाळ्यातून सगळं दिसतं, त्यामुळे माणसांना आपल्याला बाहेर ठेवलंय असं वाटत नाही. एकच काळजी: नायलॉनचं जाळं ठिणगीने वितळतं आणि पेटूही शकतं. ते जाळापासून बारा फुटांवरच आणि शक्य तेवढं वाऱ्याच्या वरच्या बाजूला. धूर ज्या दिशेने जातो तिथे जाळं न लावता दोरीच बांधा. नारळाच्या झापांचा आडोसा दिसायला सुंदर असतो, पण तो चुलीच्या आसपाससुद्धा नको. सुरूच्या बनाखाली जागा मिळाली तर खालचा सुका पाचोळा आधी पार झाडून काढा, आणि जमलं तर ती जागाच बदलून मागा.

काळोखात दोरी दिसत नाही. हातभर अंतरावर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा आणि कोपऱ्यांवर दिवे लावा. दिवा चुलीकडे तोंड करून नको, बाहेरच्या रेतीवर उजेड पडेल असा लावा. जाळ काळोखात जास्त खुणावतो. बाहेर उजेड असला की माणसं उजेडात उभी राहतात.

पाटी आणि टेबल

या दोन गोष्टींनी आमची निम्मी गर्दी आपोआप बाहेर राहिली.

पाटी साधी काळी, शाळेची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत: 'मडकं पेटवलं ६ वाजून १० मिनिटांनी. उघडणार ७ च्या सुमारास. उघडताना सगळ्यांना हाक मारू.' एवढंच. हाक मारू म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. आपण चहाला गेलो आणि नेमकं तेव्हाच उघडलं तर, ही धास्ती त्याला चुलीजवळ धरून ठेवत असते. वेळ पुढे ढकलावी लागली तर पाटीवर लगेच दुरुस्त करा. पाटी एकदा खोटी ठरली की तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही.

टेबल जाळ्याच्या बाहेर, पण धुराच्या वाटेत येणार नाही अशा पुढच्या कोपऱ्यावर. त्याच्यावर दुसरं एक मडकं, न पेटवलेलं, अर्धं भरलेलं, थर दिसतील असं. शेजारी शेंगांची टोपली, भांबुर्डीची जुडी, ओवा आणि मीठ वाटीत. माणसांना हात लावू द्या, पाला चुरगळून वास घेऊ द्या. मुंबई-पुण्याहून आलेल्या अनेकांनी भांबुर्डी कधी पाहिलेली नसते. ती बांधावर उगवते, मुद्दाम कोणी लावत नाही, हे ऐकून त्यांना खरोखर आनंद होतो. पोरांना शेंगा सोलून दाखवायला बसवलं तर ती अर्धा तास हलत नाहीत. कच्ची कोंबडी मात्र या टेबलावर कधीही ठेवू नका. मसाला लावलेलं पातेलं झाकून आत ठेवायचं आणि त्याला हात लावणारा एकच माणूस ठरवायचा.

चवीचं काय? आयोजकांची परवानगी असेल तर पाहुण्यांसाठी एक लहान मडकं स्पर्धेच्या मडक्याच्या तासभर आधी लावा, नुसत्या शेंगांचं आणि बटाट्यांचं. ती चव टेबलावरून पानावर द्यायची, एकाला चार शेंगा. स्पर्धेच्या मडक्यातलं काही परीक्षकांच्या आधी कुणालाही नाही, घरच्यांनाही नाही. परवानगी नसेल तर ते पाटीवर लिहा, म्हणजे नाही म्हणण्याचं ओझं तुमच्या माणसावर पडत नाही.

बोलणारा माणूस वेगळा ठेवा

जाळ सांभाळणाऱ्याने गर्दीशी बोलायचं नाही. पोपटीत जाळ सगळीकडून सारखा लागला पाहिजे. एका बाजूची लाकडं ढासळली तर त्या बाजूच्या शेंगा कच्च्या राहतात आणि दुसऱ्या बाजूच्या करपतात. एका वर्षी आमचा जाळ राखणारा एका काकांना समजावत होता. तेवढ्यात मागच्या बाजूने कुणीतरी काठीने ओंडका ढकलला, तो मडक्यावर पडला आणि मडक्याला तडा गेला. वाफ निघून गेली. त्या काकांचा काही दोष नव्हता, ढकलणाऱ्यानेही मदत म्हणूनच ढकललं होतं. आमच्याकडे एक माणूस कमी होता, एवढंच.

तेव्हापासून एक माणूस फक्त टेबलाशी उभा राहतो. तो चुलीकडे फिरकत नाही. बडबड्या आणि हसरा माणूस निवडा, रागीट नको. आमच्याकडे हे काम वहिनी करतात आणि त्यांच्यासारखं ते कुणालाच जमत नाही. त्या "आत येऊ नका" असं कधीच म्हणत नाहीत. म्हणतात, "काका, इथून या, इथून नीट दिसतं, तिथे धूर लागेल." माणूस हसून वळतो. पोरांना म्हणतात, "बाळा, शेंगा सोलायला कोण येतंय?" ओढणी किंवा पदर सुटलेला दिसला तर ताईंना जवळ जाऊन हळूच सांगतात, सगळ्यांसमोर ओरडून नाही.

अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांची रीत या बाबतीत बघण्यासारखी आहे. मेंफिस शहरात १९७८ साली सुरू झालेली स्पर्धा कित्येक वर्षं मिसिसिपी नदीच्या काठी भरत असे. तिथे गटाच्या मांडवात बोलावल्याशिवाय जाता येत नाही, आणि आरोग्याच्या नियमांमुळे गटांना येणाऱ्या-जाणाऱ्यांना चव देता येत नाही. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत कोंबडी, डुकराच्या बरगड्या, डुकराचं मांस आणि गाईच्या छातीचं मांस असे चार डबे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने परीक्षकांकडे पोचवायचे असतात. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते पाच मिनिटं नंतर, एवढीच मुभा. अशा वेळी शिजवणाऱ्याला मान वर करायलाही सवड नसते. आपली घाई वेगळी, पण शेवटची पंधरा मिनिटं आपल्यालाही तशीच जातात. मांडव बंद ठेवायची त्यांची पद्धत मात्र आपल्या पुळणीवर चालणार नाही, आणि मला ती नकोही आहे. पोपटी मुळात शेतावर दहा घरांनी मिळून करायची गोष्ट. माणसं जवळ हवीत, फक्त बारा फूट जवळ.

नातेवाईक आणि प्रमुख पाहुणे

अनोळखी माणूस एकदा सांगितलं की ऐकतो. मामा, आत्या, शाळेतले सर, गावातले आबा ऐकत नाहीत, आणि त्यांना अडवणं आपल्यालाही जमत नाही. आम्ही त्यांना कामच देतो. "आबा, या कोपऱ्यावर तुम्ही उभे राहाल का? पोरं फार आत येतात, तुमचं ऐकतील." आबा खुर्ची घेऊन बसतात आणि त्या कोपऱ्यातून चिटपाखरू आत येत नाही. हा नुसता उपाय म्हणून सांगत नाही. त्यांनी पन्नास वर्षं पोपटी लावलेली असते, त्यांना बाजूला काढण्यापेक्षा मान देऊन बसवणं योग्यच आहे. आणि बसल्या जागेवरून ते जाळाबद्दल जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं.

प्रमुख पाहुणे एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर वीस माणसं आणि दहा मोबाईल येतात, आणि सगळे थेट मडक्यापाशी फोटो काढायला. यावर एकच इलाज: आयोजकांना आधीच सांगा की पाहुण्यांची फेरी मडकी पेटवण्याआधी ठेवा. पाहुण्यांच्या हातून पहिली काडी लावून घ्या, फोटो तेव्हाच होतील. फेरी उशिरा आलीच तर पाहुण्यांना टेबलाशी न्या, न पेटवलेल्या मडक्याजवळ. मागे जाळ दिसतोच, फोटो उलट चांगला येतो.

उघडताना

सगळ्यात धोक्याची वेळ हीच, कारण हाक आपणच मारलेली असते. आम्ही आधी जाळ पूर्ण ओढून बाजूला घेतो. मग मडकं ओल्या गोणपाटाने धरून, दोघांनी, जाळ्याच्या आत पण पुढच्या कडेला अंथरलेल्या केळीच्या पानांवर आणतो. तोंडाचा पाला काढताना वाफ एकदम बाहेर पडते, म्हणून तोंड माणसांकडे न करता समुद्राकडे वळवतो. कोंबडीची पुडी परीक्षकांसमोर उघडायच्या आधी आतला तुकडा हाडापाशी शिजलाय ना ते बघायचं, गर्दीच्या घाईत हे राहून जातं. तपासायचा काटा असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस दाखवायला हवेत.

जाळीवरच्या माशांच्या स्पर्धेत हेच सगळं थोडक्यात लागू पडतं. सुरमई किंवा बांगडा काही मिनिटांतच होतो, त्यामुळे पाटी लागत नाही. पण सिगडी अशी ठेवा की भाजणाऱ्याचं तोंड माणसांकडे राहील. पाठ केली की मागून हात पुढे येतो.

निखारे रेतीत पुरू नका

आता त्या मुलाचं. एका स्पर्धेत एका गटाने काम संपल्यावर निखाऱ्यांवर रेती ओढली आणि कुंपण काढून टाकलं. वरून सगळी साधी पुळण दिसत होती. तासाभराने एक पाच-सहा वर्षांचा मुलगा अनवाणी त्यावरून धावला. रेती निखाऱ्यांची उष्णता आत कोंडून ठेवते, वर कसलीच खूण नसते, धूरही येत नाही. त्याची आई शेजारीच होती, तिला काय झालं ते कळेपर्यंत दोन्ही तळवे पोळले होते. ते रडणं माझ्या कानातून अजून जात नाही.

अशा वेळी लगेच वाहत्या गार पाण्याखाली पाय धरा, पूर्ण वीस मिनिटं. वाहतं पाणी नसेल तर पिण्याच्या पाण्याचे कॅन ओता. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नका, फोड फोडू नका. सैल, स्वच्छ कापडाने झाका आणि १०८ ला फोन करा. आम्ही प्रत्येक वेळी वीस-वीस लिटरचे दोन कॅन फक्त यासाठी बाजूला ठेवतो. ते चहालाही वापरत नाही.

जाळ विझवायची आमची रीत: निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, फावड्याने खालपर्यंत ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं, वाफ थांबेपर्यंत. मग सगळा कोळसा आणि राख लोखंडी घमेल्यात भरून बरोबर न्यायची. फुटलेल्या मडक्याचे तुकडे चाळून वेचायचे, ते काचेइतकेच कापतात. त्यानंतर त्या जागी हाताची पालथी बाजू रेतीवर धरायची, आणि मग चार बोटं आत खुपसून पुन्हा बघायचं. रेती आतूनही गार लागेपर्यंत जाळं आणि दोरी सोडायची नाही. टेबल, पाटी, दिवे, मडकी सगळं गाडीत चढलेलं असतं, तरी कुंपण उभंच असतं आणि आमचा एक माणूस तिथे थांबलेला असतो.